त्तोम हे अक्षर यादीत नव्हतं

दोन वर्षांपूर्वी एका कोरियन ग्राहकाचा जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं. हजारो माणसांच्या नावांची एक फाइल होती. तिचं एन्कोडिंग 'ईयूसी-केआर' आहे असं सांगितलं होतं आणि ती युनिकोडमध्ये बदलायची होती. मी प्रोग्रॅम चालवला, नावं नीट दिसली. मग स्क्रोल करता करता एका नावात बिघडलेल्या अक्षराची खूण दिसली आणि तिला चिकटून एक रोमन 'सी'. मला कोरियन वाचता येत नाही. पण कोरियन माणसाच्या नावात मध्येच 'सी' घुसत नाही, एवढं कळत होतं.

तो 'सी' कुठून आला हे शोधताना मी थेट पंधराव्या शतकात पोहोचलो.

कोरियन लिपी हंगुल राजा सेजोंगने तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर झाली. तिची रचना जोडणीची आहे. आधी एक व्यंजन, मग स्वर, आणि हवं असेल तर शेवटी पुन्हा व्यंजन. हे सगळं एका चौकोनात बसवलं की एक अक्षर तयार होतं. आजच्या हंगुलमध्ये सुरुवातीला १९ व्यंजनं येऊ शकतात, मधे २१ स्वर, आणि शेवटी २७ व्यंजनं-जोडव्यंजनं किंवा काहीच नाही, म्हणजे २८ शक्यता. गुणाकार करा : ११,१७२ अक्षरं.

आता १९८७ साली या. त्या वर्षी दक्षिण कोरियाने 'केएस सी ५६०१' हे प्रमाण ठरवलं. त्याचा तक्ता ९४ ओळी आणि ९४ रकान्यांचा, म्हणजे एकूण घरं ८,८३६. ११,१७२ अक्षरं त्यात मावणं शक्यच नव्हतं. त्यातही ४,८८८ घरं हांजाला, म्हणजे कोरियनमध्ये वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांना दिली होती. हंगुलच्या वाट्याला आली २,३५०. नेहमी लागणारी अक्षरं निवडली, बाकीची बाहेर राहिली. या पद्धतीला 'वान्सोंग' म्हणतात, म्हणजे तयार, पूर्ण झालेलं अक्षर. ईयूसी-केआर याच यादीवर उभं आहे.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. 'जोहाप' म्हणजे जोडणी. त्यात एका अक्षराला १६ बिट : एक खुणेचा, आणि सुरुवात, स्वर, शेवट यांना प्रत्येकी पाच. पाच बिटांत ३२ शक्यता बसतात, त्यामुळे १९, २१ आणि २८ आरामात मावतात. सेजोंगची कल्पनाच जणू बिटांत उतरवली होती. १९८९ मध्ये आलेल्या 'हंगुल' याच नावाच्या वर्ड प्रोसेसरने जोहाप वापरलं. पण सरकारी प्रमाण यादीचंच राहिलं.

१९९० मध्ये एमबीसी वाहिनीवर 'त्तोमबांग गाका' नावाची मालिका आली आणि यादीची गंमत सगळ्यांसमोर उघडी पडली. नावातलं पहिलंच अक्षर, 'त्तोम', त्या २,३५० मध्ये नव्हतं! मालिकेचं नाव निदान चर्चेत तरी येतं. ज्या सामान्य माणसांच्या नावात असं अक्षर होतं, त्यांना संगणकावर स्वतःचं नावच धड लिहिता येईना. १९९२ मध्ये जोहापला प्रमाणाच्या परिशिष्टात जागा मिळाली.

मग मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या कोरियन आवृत्तीत तिसराच मार्ग काढला. जुनी २,३५० जागच्या जागी ठेवली आणि उरलेली ८,८२२ अक्षरं मोकळ्या सापटींमध्ये कोंबली. हे 'सीपी ९४९'. सगळी अक्षरं मिळाली, पण क्रम मोडला. संकेतांकांप्रमाणे नावं लावली तर कोरियन वर्णक्रम मिळत नाही. शिवाय सापटींतल्या काही अक्षरांचा दुसरा बाइट रोमन अक्षरांच्या संकेतांकांशी जुळतो. 'त्तोम'चा दुसरा बाइट नेमका छोट्या लिपीतला रोमन 'सी' आहे.

युनिकोडनेही आधी चूक केली. त्याच्या १.१ आवृत्तीत ६,६५६ हंगुल अक्षरं होती. १९९६ च्या २.० मध्ये ती सगळी तिथून हलवली आणि नव्या जागी पूर्ण ११,१७२ ओळीने मांडली. त्याआधी साठवलेला हंगुल मजकूर निरुपयोगी झाला. एकदा जागा दिलेलं अक्षर पुन्हा हलवायचं नाही, हा युनिकोडचा नियम त्या गोंधळानंतरचा. आता गणित सरळ आहे. 'त्तोम'चं पहिलं व्यंजन ४, स्वर ८, शेवटचं व्यंजन १६. ४ गुणिले २१, अधिक ८, गुणिले २८, अधिक १६ : उत्तर २,५९२. त्यात ४४,०३२ मिळवले की ४६,६२४, हा त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक. शोधायला यादी लागतच नाही.

हे वाचताना मला आपला 'क्ष' आठवला. संगणकात तो क, हलन्त आणि ष असा तुकड्यांनीच साठवला जातो. जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइल उघडताना आपले हाल झाले, ते खरंच. पण कुठली जोडाक्षरं यादीत घ्यायची हे युनिकोडसाठी कुणाला ठरवावं लागलं नाही.

माझ्या फाइलमधला प्रश्न निम्मा सुटला. फाइल मुळात सीपी ९४९ मध्ये होती, सांगितलेलं एन्कोडिंग चुकीचं होतं. ते बदलल्यावर 'सी' गेला आणि नाव पूर्ण झालं. पण तीन नावांत साधं प्रश्नचिन्ह होतं. तो वाचनातला घोटाळा नव्हता. पूर्वी कधीतरी, २,३५० च्या यादीवर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला ते अक्षर सापडलं नसणार आणि त्याने '?' लिहून काम संपवलं असणार. फाइलमध्ये आता खरोखरच ६३ हा आकडा होता, प्रश्नचिन्हाचा. त्यावरून मूळ अक्षर कुठलंच कोष्टक सांगू शकत नाही.

हजारोंमध्ये तीन, सोडून दे, असं टीममधल्या एकाने सुचवलं. १९८७ मध्येही हिशेब बहुधा असाच झाला असावा. मी त्या तीन ओळींचे क्रमांक ग्राहकाला कळवले आणि लिहिलं, 'ही नावं माणसांनाच विचारावी लागतील.'