मुलांच्या विषादाचा शोध



लहान मुलाला कसले आले आहे दुःख, असे आपण सहज म्हणून जातो. खेळणे मोडले की रडावे, खाऊ दिसला की हसावे, एवढाच त्याचा संसार! ही समजूत केवळ घरोघरच्या वडीलधाऱ्यांची होती असे नव्हे. पाश्चात्त्य देशांतील पुष्कळ मनोवैद्यही तिला शास्त्राचा अंगरखा चढवून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि त्यानंतरही कवटाळून बसले होते.

वस्तुतः पुरावा समोर आलेला होता. रेने स्पिट्झ या मूळच्या व्हिएन्नाच्या वैद्याने 1945 व 1946 साली दोन निबंध प्रसिद्ध केले. त्याने दोन संस्थांतील अर्भके पाहिली. एक अनाथालय होते. तेथे स्वच्छता उत्तम, अन्न पुरेसे. परंतु एकेका दाईकडे आठ-आठ मुले, आणि पाळण्यांच्या कडांवर चादरी टांगलेल्या. मुलाच्या दृष्टीस छताखेरीज काही पडत नसे. दुसरे बालसंगोपनगृह चक्क स्त्रियांच्या तुरुंगाला जोडलेले. पण तेथे आया आपापली मुले स्वतः सांभाळीत. अनाथालयातील 91 मुलांपैकी 34 मुले दोन वर्षांच्या आत दगावली. तुरुंगातील मुले मात्र वाढली! त्यांच्यातही ज्यांची आई सहाव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास दूर नेली गेली, त्यांपैकी काहींची कळा पालटली. आधी सतत रडणे, मग तोंड फिरवून पडून राहणे, झोप उडणे, वजन घटणे, आणि शेवटी रडणेही थांबून चेहरा थिजल्यासारखा होणे. आई तीन ते पाच महिन्यांच्या आत परतली, तर मूल बहुधा सावरे. या अवस्थेला स्पिट्झने विषाद असेच नाव दिले, आणि 1947 साली तिचा चित्रपटही दाखविला.

इतके असून पुढील पंचवीस वर्षे वाद चाललाच. मनोविश्लेषणाच्या पंडितांचे म्हणणे असे, की कठोर सदसद्विवेक माणसाच्या अहंवर उलटतो तेव्हा विषाद होतो; मुलाचा सदसद्विवेक अजून पक्व झालेला नसतो; सबब मुलाला विषाद होत नाही. तर्क बिनचूक होता. फक्त रोगी त्यात बसत नव्हता. पुढे ‘प्रच्छन्न विषाद’ ही कल्पना निघाली. पोटदुखी, अंथरूण ओले करणे, शाळा बुडविणे, मारामारी, या सर्वांच्या पडद्याआड विषादच दडला आहे, असे सांगू लागले. त्यात तथ्यांश होता. पण सगळ्याच खोड्यांना एक नाव दिल्यावर निदान करावयाचे कशाचे?

1971 साली स्टॉकहोम येथे युरोपीय बालमनोवैद्यांची परिषद भरली, ती मुलांच्या व कुमारांच्या विषादावर. अमेरिकेत सिट्रिन आणि मॅकन्यू यांनी 1972 साली या विकाराचे वर्गीकरण मांडले. 1980 साली त्यांनी स्वतःच त्याची फेरतपासणी केली. विद्वानांत हा गुण विरळा! मारिया कोव्हाक्स यांनी तर मुलालाच विचारण्यासाठी 27 कलमांची प्रश्नावली रचली. त्याच 1980 साली अमेरिकन मनोवैद्यांच्या निदानग्रंथाने मान्य केले, की विषादाची मुख्य लक्षणे मुलांत व मोठ्यांत एकच. 1987 च्या आवृत्तीत मात्र एक मोलाची भर पडली: मुलांत व कुमारांत उदासीऐवजी चिडचिडही धरावी. वजन घटलेच पाहिजे असे नाही. वयाप्रमाणे वाढले नाही तरी पुरे.

ही चिडचिडीची ओळ मी प्रथम वाचली, तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. मी जन्मभर मास्तरकी केली आहे. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. आधी हुशार, मग वह्या अपुऱ्या, क्रिकेट सोडलेले, डबा तसाच परत नेणारा, आणि काही विचारले की अंगावर येणारा. मी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले, “पोरगा उद्धट झाला आहे, जरा धाकात ठेवा.” त्यांनी ठेवला. सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही. मी त्याला चिडका म्हणून हजेरीपटावर खूण केली होती; तो झोपतो का, एवढे मात्र कधी विचारले नाही.