रवीची कुळकथा

रवी म्हणजे दही घुसळायचा लाकडी दांडा. त्याच्या खालच्या टोकाला खाचा पाडलेले बोंड असते. मोठी रवी घुसळखांबाला अडकवून डेऱ्यात उभी करतात, दांड्याला दोराचे वेढे देतात आणि दोन्ही टोके आळीपाळीने ओढतात. चाक नाही, दाते नाहीत. तरीही हातांच्या सरळ ओढीने दांडा गरागरा फिरतो.

ही युक्ती फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील २८ व्या सूक्तात मंथनदंडाला लगामासारखे दोर बांधल्याचा उल्लेख आहे. महाभारताच्या आदिपर्वातल्या समुद्रमंथनात मंदर पर्वत रवी होतो आणि वासुकी नाग दोर. देवदानवांच्या हाती कथेने दिले ते गोठ्याशेजारच्या ओसरीवरचेच साधन, आणि बाराव्या शतकात ते कंबोडियातल्या अंकोरवाटच्या भिंतीवर भव्य शिल्प होऊन बसले.

आयर्लंडच्या खेड्यांत मात्र उंच लाकडी पिंपात दट्ट्या वरखाली करून लोणी काढत. तिथल्या थंडीत दूध ठेवले की साय सावकाश वर येते, म्हणून घुसळायची ती साय. गोंदियाच्या उष्ण धानपट्ट्यात दूध तितके थांबत नाही. ते तापवून विरजण लावणे हाच शहाणपणा, म्हणून इथे घुसळायचे ते दही.

गोंदिया जिल्ह्यातली पुष्कळ गावठी गुरे गोवारी समाजाचे लोक राखत आले. धानाची तणस हा या गुरांचा मोठा आधार. अशा गुरांचे दूध थोडे, त्यामुळे दोन-तीन दिवसांचे दही साठवून मगच घुसळण. म्हशीच्या दुधात ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून म्हैस असलेल्या घरी लोण्याचा गोळा मोठा.

दुधातला प्रत्येक स्निग्ध कण पातळ आवरणात असतो. घुसळताना आवरणे फाटतात, कण एकमेकांना चिकटतात आणि लोणी वर येते. सारा खेळ तापमानाचा. उन्हाळ्यात लोणी विरघळू लागते, म्हणून गार पाणी घालतात. थंडीत कण घट्ट होऊन चिकटत नाहीत, तेव्हा कोमट पाणी. आवाज जड झाला, दोर ओढायला जोर लागू लागला, की घुसळणारी हात सैल करते. ही जाण कोणत्याही मापकाइतकीच खरी.

१८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने दुधातली साय वेगळी करणारे फिरते यंत्र काढले आणि लोण्याचा धंदा कारखान्यात गेला. घरची मोठी रवी मागे पडली ती मात्र मुख्यतः दूध विरजण्याआधीच संकलन केंद्रावर जाऊ लागल्याने. हातात मावणारी छोटी रवी ताकासाठी स्वयंपाकघरात अजून आहे.