हिरव्या घराचा दाखला

शहरांत नवी सदनिका घ्यावयास निघालेल्या कुटुंबाच्या हातीं आज जें माहितीपत्रक पडतें, त्यांत पाणी, वीज, उद्‌वाहक यांच्या जोडीला आणखी एक आश्वासन असतें: ही इमारत 'हरित' असून तिला तसा दाखला मिळालेला आहे, किंवा लवकरच मिळावयाचा आहे. दाखल्याला रजत, सुवर्ण अशीं पदकांचीं नांवें असतात आणि त्याची किंमत भावांत धरलेली असते. ती द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न मध्यमवर्गीय यजमानाला पडतो, तसाच तो विलायतेंतल्या व अमेरिकेंतल्या बड्या मालकांनाहि पडलेला आहे. त्याचें उत्तर या दाखल्याच्या इतिहासांत बरेंचसें सांपडतें.

मूळ शोधावयाचें तर १९७३ च्या तेलटंचाईपर्यंत मागें जावें लागतें. अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आखडतां घेतांच पाश्चात्त्य देशांच्या ध्यानांत आलें कीं, थंडींत ऊब आणि उन्हाळ्यांत गारवा मिळविण्यासाठीं आपल्या इमारती बेसुमार इंधन गिळीत आहेत. सुचलेला उपाय सरळ होता. खिडक्या कायमच्या बंद करावयाच्या, फटी बुजवावयाच्या, बाहेरची हवा आंत कमी घ्यावयाची. इंधन वांचलें, पण त्या कोंदट कचेऱ्यांत दिवसभर बसणाऱ्यांचीं डोकीं दुखूं लागलीं, डोळे चुरचुरूं लागले, आणि थोड्याच वर्षांत 'आजारी इमारत' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. इंधन वांचविणारी इमारत चांगलीच असते असें नाहीं, हें त्यावरून दिसून आलें. हवा, उजेड, पाणी, जमीन, बांधकामाचा माल या सर्वांचा एकत्र हिशेब मांडण्याची कल्पना पुढें आली ती या अनुभवानंतर.

तसा हिशेब प्रथम इंग्लंडांत झाला. १९२१ सालीं स्थापन झालेल्या तेथील इमारत-संशोधन संस्थेनें १९९० मध्यें कचेऱ्यांच्या इमारतींसाठीं 'ब्रीअम' नांवाची गुणपद्धति प्रसिद्ध केली. १९९३ मध्यें अमेरिकेंत हरित इमारत परिषद निघाली. तिच्यांत वास्तुशिल्पज्ञ होते, तसेच इमारतींचा माल विकणारे कारखानदारहि होते, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. या परिषदेनें १९९८ मध्यें 'लीड' ही पद्धति प्रयोगादाखल सुरू केली व २००० मध्यें ती सर्वांस खुली केली. एकूण गुण ६९. २६ मिळाले कीं दाखला, ३९ मिळाले कीं सुवर्णपद, आणि ५२ च्या पुढें प्लॅटिनम. शाळेच्या परीक्षेसारखीच ही परीक्षा, आणि शाळेच्या परीक्षेचा दोषहि तिला चिकटला. सायकली ठेवण्याची व स्नानाची सोय केली तर एक गुण मिळे. कष्टाच्या व खर्चाच्या सुधारणेलाहि पुष्कळदां तेवढाच. हुशार विद्यार्थी सोपे प्रश्न आधीं सोडवितो, आणि मालकांच्या सल्लागारांनींहि तेंच केलें तर त्यांत त्यांचा फारसा दोष नव्हता.

हिंदुस्थानांत भारतीय उद्योग महासंघाच्या आश्रयानें २००१ सालीं अशीच परिषद स्थापन झाली. हैदराबादेस महासंघानें उभारलेल्या केंद्राला मुंबईचे उद्योगपति सोहराबजी गोदरेज यांचें नांव देण्यांत आलें. २००३ मध्यें त्याला लीडचा प्लॅटिनम दाखला मिळाला. अमेरिकेबाहेर हा मान मिळविणारी ती पहिली इमारत. १४ जुलै २००४ रोजीं राष्ट्रपति अब्दुल कलाम यांनीं तिचें उद्घाटन केलें. मधोमध चौक, वारा आंत घेणारे मनोरे, भिंतींना जाळ्या, छपरावर हिरवळ, वनस्पतींच्या मुळांशीं शुद्ध होणारें सांडपाणी अशी तिची रचना आहे. पुण्याच्या वाड्यांत जन्म काढलेल्या एखाद्या आजीबाईंना त्या चौकाचें कौतुक वाटेल, नवल वाटणार नाहीं. वाड्याला मात्र कोणी गुण दिले नव्हते!

पुढें दाखले झपाट्यानें वाढले, आणि मग कोणीतरी विजेचीं मीटरें वाचावयास सुरुवात केली. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेंतील संशोधकांनीं २००९ मध्यें अमेरिकेंतील शंभर लीड-इमारतींचे प्रत्यक्ष आंकडे तपासले. सरासरीनें पाहतां या इमारती तशाच साध्या इमारतींपेक्षां दर चौरस फुटामागें १८ ते ३९ टक्के ऊर्जा कमी वापरीत होत्या. हा कांहीं लहान लाभ नव्हे. परंतु त्यांतल्या २८ ते ३५ टक्के इमारती आपल्या दाखलाहीन जोडीदारापेक्षां अधिक ऊर्जा खात होत्या. आणि सर्वांत टोंचणारी गोष्ट ही कीं, पदक जितकें वरचें तितकी बचत अधिक, असा मेळ कोठें दिसेना. कारण उघड होतें. गुण दिले होते ते नकाशांवर आणि गणितावर, इमारतींत माणूस राहावयास येण्यापूर्वीं. यंत्रें कोण सांभाळणार, दिवे किती वाजेपर्यंत जळणार, हें नकाशाला कसें कळावें?

न्यूयॉर्क शहरानें २००९ मध्यें कायदा करून मोठ्या इमारतींना ऊर्जेचा वापर जाहीर करण्यास भाग पाडलें. २०१२ मध्यें आंकडे बाहेर आले, तेव्हां लोक चकित झाले. २००६ सालीं उघडलेल्या, सुवर्णपद मिळविलेल्या सात क्रमांकाच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरला शंभरांपैकीं ७४ गुण पडले. उत्तम इमारतीची किमान पातळी ७५ ची. उलट १९३० ची क्रायस्लर इमारत ८४ वर आणि १९३१ ची एम्पायर स्टेट ८० वर होती. या दोघींची भरपूर डागडुजी झालेली होती हें खरें. तेवढ्यानें नव्या इमारतीची लाज झाकत नाहीं.

ऑस्ट्रेलियानें यांतून वेगळा मार्ग काढला. तेथील 'नेबर्स' पद्धति बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावर तारे देते, तेहि एका वर्षापुरते. आणि २०१० च्या कायद्यानें मोठी कचेरी विकतांना वा भाड्यानें देतांना हे तारे दाखविणें सक्तीचें झालें. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें २००९ मध्यें चालू कचेऱ्यांसाठीं प्रत्यक्ष वापरावर आधारलेली तारापद्धति आणली. २००७ पासूनची 'गृह' ही स्वदेशी पद्धतिहि आहे, आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेनें तिचा दाखला असलेल्या इमारतींना मालमत्ता करांत सवलत देऊं केली.

तेव्हां दाखला निरुपयोगी म्हणणें अन्यायाचें होईल. कमी वासाचे रंग, राखेच्या विटा, सांडपाण्याचा पुनर्वापर, या गोष्टी बाजारांत सहज मिळूं लागल्या त्यांत त्याचा वांटा मोठा आहे. पण घर घेणाऱ्यानें दाखल्याचें पदक पाहण्यापूर्वीं त्याची जात पाहावी. पूर्व-दाखला नकाशावर मिळतो आणि जाहिरातींत झळकतो. अंतिम दाखला बांधकाम पुरें झाल्यावर. पश्चिमेच्या उन्हांत उघड्या कांचेची भिंत असेल तर कोणतेंहि पदक त्या घराचें वीजबिल कमी करणार नाहीं. त्याच बांधणाऱ्यानें पूर्वीं बांधलेल्या इमारतींत जाऊन सांडपाण्याचें यंत्र चालू आहे कीं गंजत पडलें आहे, आणि जिना, पंप, उद्‌वाहक यांचें वर्षाचें वीजबिल किती येतें, एवढें तेथल्या गृहरचना संस्थेच्या चिटणिसांस विचारलें, तर माहितीपत्रकापेक्षां अधिक समजतें. चिटणीस अशा बाबतींत सहसा मनमोकळे असतात.

न्यूयॉर्कनें तर २०२० पासून मोठ्या इमारतींना आपली श्रेणी दर्शविणारें अक्षर प्रवेशद्वारींच लावावयास लाविलें आहे. ८५ च्या वर गुण असले तर पहिली श्रेणी, ५५ च्या खालीं गेले तर चौथी. तें अक्षर दर वर्षीं नव्यानें ठरतें, आणि रस्त्यानें जाणाऱ्या कोणालाहि तें वाचतां येतें.