शालेय मानसिक छळ व लिंगभाव
शिक्षकांनी विद्यार्थ्याला अपमान, टोमणे, हेटाळणी किंवा बहिष्कारातून दिलेला मनस्ताप आणि त्याकडे पाहण्याच्या समाजाच्या दृष्टीवर पडणारा स्त्री-पुरुष भेदाचा प्रभाव.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी घातली. छडीचा वळ दिसतो. शब्दाचा दिसत नाही, म्हणून तक्रार क्वचितच होते. त्यातही मुलगा आणि मुलगी यांना वेगळी मापे लागतात.

दंगेखोर मुलाला मुलींच्या बाकावर बसवणे ही महाराष्ट्रातील वर्गांत चालत आलेली शिक्षा. वर्ग हसतो, शिक्षकही हसतात. मुलगा खजील होतो. पण आपल्या शेजारी बसणे हीच शिक्षा आहे, हे त्या बाकावरच्या मुलीलाही कळते. तिच्या अपमानाची नोंद मात्र कोणी घेत नाही. ‘बांगड्या भर’ हा टोमणा याच जातीचा. मुलगा रडला तर ‘पोरीसारखा रडतोस काय’. मुलगी रडली तर ती ‘हळवी’. दोन्हीकडे मूळ तक्रार बाजूला पडते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालासाठी महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांत पाहणी झाली. त्यात दर दोन मुलांमागे एकाने भावनिक छळ सांगितला आणि मुलगे-मुलींचे प्रमाण सारखेच निघाले. छळणाऱ्यांत बहुसंख्य पालकच होते; घरी तेच ऐकणाऱ्या मुलाला शाळेतले बोलणे वेगळे वाटणे कठीण.

शिक्षकांबाबतही भेद आहेच. तोच तिखटपणा सरांचा असेल तर ‘कडक शिस्त’, बाईंचा असेल तर ‘खाष्टपणा’.