लॅमिनेट तक्ते

कागदाचे अनेक थर रेझिनात भिजवून, वाळवून आणि उष्णता व जबर दाब यांखाली एकजीव करून तयार केलेले पातळ, कठीण व गुळगुळीत तक्ते. महाराष्ट्रात त्यांना सर्रास सनमायका म्हणतात, जुन्या पिढीच्या तोंडी फॉर्मायका असते. ही दोन्ही मुळात व्यापारनामे आहेत. कपाटांची दारे, टेबले, दुकानांचे काउंटर, शाळांतील बाके, रुग्णालयांतील भिंती अशा ठिकाणी प्लायवूडवर किंवा तत्सम फळीवर हे तक्ते चिकटवतात. वरून सागवान दिसो की संगमरवर, तक्त्याच्या वजनापैकी साधारण ६० ते ७० टक्के भाग कागदाचाच असतो.

या तक्त्यांचा जन्म सजावटीसाठी झाला नाही. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट हे ऊष्मादृढ, म्हणजे एकदा घट्ट झाल्यावर तापवूनही न वितळणारे, प्लॅस्टिक तयार केले. पुढे वेस्टिंगहाउस कंपनीतील डॅनियल ओकॉनर व हर्बर्ट फेबर या अभियंत्यांनी असे रेझीन थराथरांत वापरून विद्युत निरोधक बनवले. त्या काळी निरोधनासाठी अभ्रक वापरत आणि त्याला पर्याय हवा होता. या दोघांनी १९१३ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे फॉर्मायका कंपनी सुरू केली. फिनॉलिक रेझीन स्वतः तपकिरी असल्यामुळे सुरुवातीचे तक्ते गडद रंगांपलीकडे जाऊ शकले नाहीत. ही अडचण मेलामाइनने दूर केली. युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३४ मध्येच हे संयुग बनवले होते, पण त्याचे रेझीन औद्योगिक वापरात यायला विसाव्या शतकाचे चौथे दशक उजाडावे लागले. मेलामाइन रेझीन रंगहीन, पारदर्शक आणि अतिशय कठीण असते. त्यामुळे खालचे चित्र स्वच्छ दिसू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व युरोपातील स्वयंपाकघरे या तक्त्यांनी भरून गेली.

तक्त्याची रचना समजली की त्याचे गुणदोष आपोआप उलगडतात. तळाशी फिनॉलिक रेझीन शोषलेल्या तपकिरी क्राफ्ट कागदाचे अनेक थर असतात. तक्त्याला जाडी व चिवटपणा त्यांच्यामुळे मिळतो. त्यावर मेलामाइन रेझीन शोषलेला शोभेचा कागद येतो. खालचा तपकिरी रंग वर डोकावू नये म्हणून या कागदात टायटॅनियम डाय-ऑक्साइड घातलेले असते. छापील नक्षी झिजू नये म्हणून त्यावर कित्येकदा शुद्ध सेल्युलोजाचा अगदी तलम कागद ठेवतात. मेलामाइनमध्ये भिजून दाबला गेल्यावर तो काचेसारखा पारदर्शक होतो, कारण सेल्युलोज व मेलामाइन रेझीन यांचे प्रकाशीय गुण जवळजवळ सारखे आहेत. सबंध तक्ताच मेलामाइनचा का करत नाहीत, असा प्रश्न पडेल. मेलामाइन महाग तर आहेच, पण ठिसूळही आहे. टणक पातळ पापुद्रा वर आणि चिवट गाभा खाली, या वाटणीमुळेच तक्ता ओरखडेही सोसतो आणि धक्काही.

निर्मितीचा पहिला टप्पा कागद भिजवण्याचा. गुंडाळीवरून सुटणारा कागद रेझिनाच्या हौदातून जातो, रुळांमध्ये पिळला जातो आणि लांबलचक भट्टीतून वाळून बाहेर पडतो. येथे रेझीन पूर्ण घट्ट होऊ द्यायचे नसते. ते अर्धकच्चेच राहिले पाहिजे. कागदात पाण्याचा अंश मोजका ठेवणे ही या कारखान्यातली खरी कसोटी म्हणावी लागेल. कागद फार सुकला तर दाबाखाली रेझीन पुरेसे वाहत नाही आणि पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे व ढगाळ डाग राहतात. फार ओला राहिला तर आत वाफ कोंडते व तक्त्याला फोड येतात.

मग थर रचून, त्यांच्यामध्ये पोलादी पत्रे घालून, सारी चळत अनेक कप्प्यांच्या दाबयंत्रात जाते. तापमान साधारण १३० ते १५० अंश सेल्सिअस आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० किलोग्रॅम असतो. आठ बाय चार फुटांच्या नेहमीच्या तक्त्यावर हा एकूण भार दोन ते तीन हजार टनांचा होतो. उष्णतेने रेझीन आधी पातळ होऊन तंतूंत मुरते, नंतर त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन त्रिमितीय जाळे बनते. या विक्रियेत पाणी सुटते आणि त्या तापमानाला त्याची वाफ व्हायला निघते. दाब तिला रोखून धरतो. यंत्र गरम असतानाच उघडले तर तक्ते फुगून उलतात. म्हणून त्याच यंत्रात थंड पाणी फिरवून, दाब न सोडता, चळत निववावी लागते. तापवणे आणि निववणे मिळून एक घाणा निघायला तास-दीड तास लागतो. घाईने काढलेला माल दिसायला ठीक असला तरी पुढे वाकतो.

पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा कागदातून येत नाही, तो पोलादी पत्र्याकडून येतो. रेझीन पत्र्याची हुबेहूब नक्कल करते. आरशासारखा पत्रा असेल तर चकचकीत तक्ता, बारीक खरबरीत असेल तर मॅट, आणि पत्र्यावर लाकडाच्या रेषा कोरल्या असतील तर हाताला लागणारे लाकूड. पत्र्यावरचा एक ओरखडा त्याखालून निघणाऱ्या प्रत्येक तक्त्यावर उमटतो, म्हणून या पत्र्यांची फार निगा राखतात. शेवटी तक्त्याच्या कडा कापतात आणि डिंक धरावा म्हणून पाठ घासून खरखरीत करतात. घरगुती फर्निचरला ०·६ ते १ मिमी. जाडीचे तक्ते लागतात. थर वाढवत नेले की फळीशिवाय स्वतःच उभे राहणारे कॉम्पॅक्ट तक्ते मिळतात; सार्वजनिक स्वच्छतागृहांतील आडभिंती त्यांच्याच असतात.

स्वस्त प्रकारात वेगळा तक्ता बनवतच नाहीत. मेलामाइनमध्ये भिजवलेला शोभेचा कागद थेट पार्टिकल बोर्डवर (लाकडाच्या चुऱ्याच्या फळीवर) किंवा एम.डी.एफ.वर (लाकडी तंतूंच्या फळीवर) काही सेकंद दाबतात. दाब कमी असतो आणि निववणे टळते. हा ‘प्रीलॅम’ माल झपाट्याने निघतो, मात्र त्यात फिनॉलिक गाभा नसल्याने तो आदळआपट सोसत नाही. महाराष्ट्रात उसाच्या चिपाडांपासूनही पार्टिकल बोर्ड बनवले गेले आहेत. सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे असा कारखाना उभा राहिला. लाकूड न तोडता फळी मिळवण्याची ही वाट अधिक रुंद व्हायला हवी.

तक्ता चांगला असूनही काम बिघडते ते बहुधा बसवण्यात. कागदाचे तंतू दमट हवेत फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात. रुंदीकडचा हा बदल लांबीकडच्या सुमारे दुप्पट असतो. दाराच्या एकाच बाजूला तक्ता लावला तर दार वाकते, म्हणून आतल्या बाजूलाही तितक्याच जाडीचा साधा तक्ता लावणे आवश्यक आहे. त्यावर पैसे वाचवू पाहणारे ग्राहक पावसाळ्यात न लागणारी दारे विकत घेतात. उघडी कड ही दुसरी दुखरी जागा. तिथून पाणी फळीत शिरते. पट्टी लावून कड बंद केली नसेल, तर वरच्या पृष्ठभागाच्या टणकपणाचा काही उपयोग होत नाही.

भारतात या तक्त्यांसाठी आय.एस. २०४६ हे मानक आहे. उकळत्या पाण्यात ठेवणे, तापलेले भांडे टेकवणे, पोलादी गोळा आदळणे, घासून झिजवणे आणि डाग पाडणे अशा चाचण्या त्यासाठी घेतात. आरोग्याचा प्रश्न तक्त्यापेक्षा खालच्या फळीचा अधिक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्करोगजनकांत गणले, आणि स्वस्त फळ्यांतील यूरिया-फॉर्माल्डिहाइड डिंकातून हा वायू दीर्घकाळ झिरपत राहतो. खरेदीच्या वेळी तक्त्याच्या रंगाआधी फळीची उत्सर्जन श्रेणी विचारावी. ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची फळी घ्यावी.