सुरतेचा कहवाखाना : पात्र, स्थळ आणि निवेदन

मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांनी हे नगर मराठ्यांच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. जगाच्या कथावाङ्मयातही सुरतेला असेच एक स्थान आहे, ही गोष्ट मात्र फारशी सर्वश्रुत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेर्नार्दँ द सँ-पियेर या फ्रेंच लेखकाने सुरतेतील एका कहवाखान्यावर लहानशी कथा लिहिली. टॉलस्टॉयने १८८७ मध्ये ती रशियन भाषेत आपल्या धाटणीने उतरविली व १८९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

कथानक अगदी साधे आहे. ईश्वराविषयी ग्रंथावर ग्रंथ रचता रचता त्याच्यावरचा विश्वास गमावून बसलेला एक इराणी पंडित देशोधडीला लागून कहवाखान्यात येतो. त्याचा आफ्रिकी गुलाम दाराबाहेर उन्हात दगडावर बसून राहतो. ईश्वर आहे की नाही, असे धन्याने विचारताच तो कमरेची लाकडी मूर्ती काढून दाखवितो. तेवढ्यावरून वादाला तोंड फुटते. ब्राह्मण, यहुदी, कॅथलिक, प्रॉटेस्टंट, तुर्क असा प्रत्येक जण ईश्वर आपलाच म्हणून हट्ट धरतो. कोपऱ्यात चहा पीत बसलेला कन्फ्यूशियसचा एक चिनी अनुयायी तेवढा गप्प असतो.

या पात्रांना नावे नाहीत. देश आणि धर्म हीच त्यांची ओळख. आधुनिक वाचकाला त्यांत स्वभावचित्रणाची उणीव भासेल. पण स्वतःला केवळ पंथाचे नाव लावणारा माणूस किती सपाट होतो, हेच येथे दाखवावयाचे आहे. अपवाद गुलामाचा. त्याचा दगड, ते ऊन आणि ती मूर्ती यांमुळे तोच सर्वांत जिवंत वाटतो.

स्थळाचे वर्णनही जवळजवळ नाही. तापी नाही, किल्ला नाही, बाजार नाही. तरीही ही कथा अन्यत्र घडणे कठीण होते. सुरत हे मोगलांचे प्रमुख बंदर आणि हज यात्रेकरूंचे प्रस्थानस्थान. इंग्रजांमागोमाग डच आले, १६६८ मध्ये फ्रेंचांनीही येथे वखार घातली. आर्मेनियन, यहुदी, पारशी, बोहरा व्यापारी एकाच पेठेत वावरत. सँ-पियेर हिंदुस्थानात कधी आला नाही. पण १७६८ ते १७७० या काळात तो मॉरिशस बेटावर होता, आणि हिंदी महासागरातील जहाजांवर सुरतेचे नाव नवे नव्हते. जगभरची माणसे एका छपराखाली आणावयाची तर हे एक नाव उच्चारणे पुरे होते.

निवेदनाचा भाग विशेष अभ्यासण्याजोगा आहे. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना कथेतून एकच परिणाम साधला पाहिजे, असे सूत्र मांडले. त्याच्या आधीच्या या कथेत ते सूत्र वेगळ्या वाटेने सिद्ध झाले आहे. मूळ निवेदक कोणाचीच बाजू घेत नाही. अखेरीस तो चिनी प्रवासी कथेच्या पोटात दुसरी कथा सांगतो : सुमात्राच्या किनाऱ्यावर सूर्याविषयी वाद होतो आणि ज्याचा प्रवास मोठा त्याचा सूर्यही मोठा ठरतो. शेवटी जहाजाचा सुकाणूधर सांगतो की, सूर्य कोणा एकाच्या देशापुरता उगवत नाही. पृथ्वीच त्याच्याभोवती फिरते. कथेतला निष्कर्ष असा तिसऱ्याच माणसाच्या मुखातून येतो, म्हणून तो उपदेश वाटत नाही. कहवाखाना निःशब्द होतो आणि कथा संपते.

याच सुरतेत कल्पनेतल्या या वादाला प्रत्यक्षाची जोड मिळाली, आणि त्यात एका मराठी विद्वानाचा वाटा होता. मराठीचे व्याकरण १८३६ मध्ये सिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे शिक्षक म्हणून सुरतेस आले. १८४४ मध्ये त्यांनी दुर्गाराम मेहता आदी सहकाऱ्यांसह ‘मानवधर्म सभा’ स्थापिली. ईश्वर एक, मनुष्यजात एक, ही सभेची भूमिका होती. तेथे जातिभेदावर उघड चर्चा होई आणि मंत्रतंत्राचे सामर्थ्य सांगणाऱ्यांना प्रत्यक्ष प्रमाण मागितले जाई. दादोबा मुंबईस परतल्यावर आणि पुढे दुर्गाराम राजकोटला गेल्यावर सभा मंदावली; परंतु तिचे बीज १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभेच्या रूपाने रुजले.

कथा आणि सभा यांतील एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. कहवाखान्यात ईश्वराविषयी सारे बोलतात. दारातला माणूस गुलाम का, हे कोणीच विचारीत नाही. सुरतेच्या सभेने माणसामाणसांतील उच्चनीचतेचा प्रश्नही ईश्वराच्या प्रश्नाइतकाच धर्माचा मानला. कहवाखान्यातल्या विद्वानांच्या पुढे ती सभा हे एक पाऊल गेली.

डिसेंबर १९९२ मध्ये याच शहराने जातीय दंगलीचे भीषण दिवस पाहिले. म्हणजे त्या चिनी प्रवाशाचे म्हणणे सुरतेला एकदाच ऐकून भागले नाही. ग्रंथालयाच्या कपाटात वेगवेगळ्या पंथांचे ग्रंथ एकमेकांना खेटून शांतपणे उभे असतात. ते काढून वाचणाऱ्यांच्या मनातही त्यांना तशीच शेजारी जागा मिळावी, हेच या जुन्या कथेचे मागणे आहे.