खोकं आलं, पुढे काय?

२०१६ साली मी एक बातमी लावली होती. तालुक्यातल्या एका वाडीवरची जिल्हा परिषद शाळा ‘डिजिटल’ झाली, त्याची. नारळ फुटला, फीत कापली, पाहुण्यांनी रिमोटचं बटण दाबलं आणि भिंतीवर हलणारी सूर्यमाला दिसली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढला, तीन कॉलम बातमी लागली आणि गाडीला किक मारून पुढच्या कार्यक्रमाला गेलो.

त्या प्रोजेक्टरचे पैसे गावाने लोकवर्गणीतून उभे केले होते. त्यात ऊसतोडीला जाणारी घरंही होती. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून त्यांनी शाळेला पैसे दिले होते. बातमीत मी हे लिहिलं नव्हतं. पाहुण्यांची नावं मात्र सगळी लिहिली होती.

गेल्या महिन्यात त्याच शाळेत पुन्हा जाणं झालं. निमित्त शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचं. एक देणगीदार आता शाळेला मोठा टच पॅनल द्यायला तयार आहेत, त्यावर चर्चा होती. कोपऱ्यात टेबलावर काहीतरी कापडाखाली झाकलेलं दिसलं. कापड उचललं तर तोच प्रोजेक्टर. दिवा गेलेला. इन्व्हर्टरची बॅटरी फुगून बाद झालेली. ज्या गुरुजींनी धडपड करून हे सगळं उभं केलं, त्यांची २०१८ च्या बदल्यांमध्ये दुसरीकडे बदली झाली होती.

बैठकीत सगळे पॅनलच्या इंचांबद्दल बोलत होते. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आईने विचारलं, “सर, मागच्या खोक्याचं काय झालं?”

खोलीत शांतता. मीही गप्प, कारण त्या खोक्याची बातमी माझीच होती.

घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. जुनी कात्रणं काढली, पुस्तकं चाळली. मग लक्षात आलं की हा प्रश्न आमच्या वाडीपुरता नाही. आपल्याकडे शिक्षणात नवं यंत्र येण्याचा इतिहास साठ-सत्तर वर्षांचा आहे. दर वेळी खोकं बदललं, प्रश्न तोच राहिला. तो इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात उत्तरही आहे.

सुरुवात शाळेच्या बाहेरून करावी लागेल. १९५६ साली, मुंबई राज्य असताना, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या भागातल्या १५० गावांत एक प्रयोग झाला. ‘रेडिओ फार्म फोरम’ नावाचा. युनेस्कोची मदत होती. गावात वीस-एक माणसं रेडिओभोवती बसायची आणि शेतीवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची. खरी गंमत पुढे होती. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून चर्चा करायची. गटातला एक जण ती लिहून काढायचा. गावाचे प्रश्न आकाशवाणीकडे जायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. गावातला रेडिओ नुसता बोलत नव्हता, ऐकतही होता. शेतकऱ्यांनी भरपूर काही आत्मसात केल्याचं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीत दिसलं. हे मोठ्या माणसांचं शिक्षण होतं, शाळेचं नव्हतं. पण यंत्राने शिकवायचं कसं, याचा पहिला धडा आपल्याच मराठी गावांनी घालून दिला होता.

दुसरा टप्पा १९७५ चा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष ‘साइट’ हा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग चालला. उपग्रह अमेरिकेच्या नासाचा, जमिनीवरचं काम आपल्या इस्रोचं. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही संच बसवले. आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार आणि ओडिशा. महाराष्ट्र त्यात नव्हता. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी साऱ्या गावासाठी. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं, याचं प्रशिक्षणही याच टीव्हीवरून दिलं.

या प्रयोगाबद्दल बोलताना सगळे उपग्रहाबद्दल बोलतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. संच बिघडला तर दुरुस्तीला माणूस कसा पोहोचेल, याची वेगळी यंत्रणा इस्रोने आधीच उभी केली होती. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालत होते. म्हणजे खोकं पाठवतानाच ते बंद पडणार हे गृहीत धरलं होतं. आपल्या वाडीवर प्रोजेक्टर देताना हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

तिसरा टप्पा आमच्या पिढीला आठवेल. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी सरकारी संस्था. दूरदर्शनवर ते कार्यक्रम लागायचे. त्याच सुमारास केंद्राने ‘क्लास’ नावाची संगणक साक्षरता योजना काढली आणि निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले.

आमच्या शाळेत संगणक नव्हता, टीव्ही होता. मुख्याध्यापकांच्या खोलीत, लाकडी कपाटात, कुलूप लावून. का? तर ‘पोरं खराब करतील’. कार्यक्रमाची वेळ आणि वेळापत्रकाची वेळ जुळायची नाही. जुळली तर लाईट नसायची. चार वर्षांत तीनदा तो टीव्ही पाहिल्याचं आठवतं. त्यातला एक कार्यक्रम मात्र अजून डोळ्यांसमोर आहे, बी रुजण्याचा. कारण आमच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात मटकी बांधून आणली होती. टीव्हीवर पाहिलेलं आम्ही हाताने उकलून पाहिलं. बाकीचे दोन कार्यक्रम कशावर होते, ते आठवत नाही.

मग २००० नंतरचा काळ. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीची लाट आली. सप्टेंबर २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ हा शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला. केंद्राच्या योजनेतून शाळांना संगणक खोल्या मिळाल्या. त्यातल्या किती खोल्यांची किल्ली शिपायाच्या कमरेला राहिली, हे आपल्या प्रत्येकाला आपापल्या शाळेपुरतं माहीत आहे.

खरा वेगळा टप्पा २०१५ च्या आसपासचा, आणि तो वरून आला नाही, खालून आला. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाची घोषणा झाली होतीच. पण त्याआधीच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड या शिक्षकांनी शाळा डिजिटल करून दाखवली होती. राज्यातली पहिली डिजिटल जिल्हा परिषद शाळा म्हणून तिचं नाव झालं. ते बघून गावोगावच्या गुरुजींनी लोकवर्गणी गोळा केली. आमच्या वाडीवरचा प्रोजेक्टर याच लाटेतला.

दुसरं नाव रणजितसिंह डिसले यांचं. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत ते २००९ मध्ये रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण क्यूआर कोडच्या आधीची त्यांची गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. मुलांची घरची भाषा कन्नड होती, पुस्तक त्यांना कळत नव्हतं. गुरुजी आधी मुलांची भाषा शिकले. कोड नंतर आला.

आणि आता तो भाग, जो लिहिताना मला राग येतो.

२०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. निधीचा आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा प्रश्न वर्षानुवर्षं चिघळत होता. ‘आता इंटरनेट आहे, टीव्हीचे कार्यक्रम कोण बघतो’, असा एकूण सूर होता. आमच्यासारख्या तालुक्याच्या पत्रकारांनी ती बातमी आतल्या पानावरही नीट घेतली नाही. मी तर घेतलीच नाही.

सुमारे तीन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, शाळांना कुलूप लागलं. मुलं घरी. मोबाइलवर शाळा सुरू झाली, पण मोबाइल होता कुठे? ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेलं. लोकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले, त्याचा हा आकडा. तरीही ज्यांच्या घरात फोन होता, त्यांतल्या सुमारे चारातल्या एका मुलाच्या हाती तो अभ्यासासाठी पडत नव्हता. फोन बापाच्या खिशात आणि बाप कामावर.

अशा वेळी घरोघरी पोहोचणारं यंत्र कोणतं उरलं? टीव्हीच. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केली. त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण जे काम करायला महाराष्ट्राने १९८४ मध्ये स्वतःची संस्था उभी केली होती, तीच संस्था आपण ऐन गरजेच्या तोंडावर मोडून बसलो होतो. खोकी घ्यायला पैसे होते, खोक्यात काय दाखवायचं ते तयार करणारी माणसं सांभाळायला नव्हते.

आज पुन्हा नवी लाट आहे. टच पॅनल, दीक्षा अ‍ॅप, आता एआय. मी या कशाच्याच विरोधात नाही. हृदय कसं धडधडतं, हे खडूने काढून दाखवण्यापेक्षा हलत्या चित्रात मुलांना कितीतरी लवकर समजतं. डोंगरातल्या पोराला समुद्राची भरती-ओहोटी दिसलीच पाहिजे. यंत्र यावंच. पण इतक्या वर्षांचा हिशोब मांडला तर एक गोष्ट स्वच्छ दिसते. जिथे यंत्राआधी आणि यंत्रानंतर शिकवणारं माणूस होतं, तिथे मुलं शिकली. चर्चा लिहून घेणारा गावकरी, मटकी बांधून आणणाऱ्या बाई, कन्नड शिकणारे गुरुजी. जिथे नुसतं खोकं आलं, तिथे त्यावर कापड पडलं.

खोक्याचा पैसा एकदाच येतो, वाजतगाजत येतो. वीजबिल दर महिन्याला येतं, गुपचूप येतं. बिल थकलं म्हणून शाळेची लाईट कापल्याच्या बातम्या मी स्वतः लावल्या आहेत. त्याच शाळांच्या भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ रंगवलेलं होतं.

त्या दिवशीच्या बैठकीत शेवटी काय झालं, ते सांगतो. त्या ताईंच्या प्रश्नावर मुख्याध्यापक चिडले नाहीत. “खरं आहे तुमचं,” म्हणाले. मग तासभर पॅनल बाजूला राहिला आणि कागदावर तीन ओळी आल्या. वीजबिल आणि दुरुस्तीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला ठेवायची. पॅनल एकट्या गुरुजींनी शिकायचा नाही, शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी शिकायचा, म्हणजे बदली झाली तरी काम अडणार नाही. आणि दर तीन महिन्यांनी समितीने वर्गात बसून पाहायचं, की त्यावर काय शिकवलं जातंय. देणगीदारांना फोन लावला. पॅनल थोडा लहान घेऊन उरलेले पैसे बॅटरीला द्यायला ते लगेच तयार झाले. इतकी वर्षं त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं.

तुमच्या गावातही शाळा व्यवस्थापन समिती आहे. शिक्षणहक्क कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. पुढच्या बैठकीला जा. नवीन काही येत असेल तर टाळ्या जरूर वाजवा, पण आधी त्या ताईंचा प्रश्न विचारा: मागच्याचं काय झालं?

आणि माझ्यापुरतं सांगतो. लोकार्पणाची बातमी मी यापुढेही लावेन, पण वर्षभराने त्याच शाळेत जाऊन दुसरी बातमीही लावेन. तिला तीन कॉलम मिळाले नाहीत, तर इथे लिहीन.

तुमच्या शाळेतलं खोकं कुठे आहे, चालू की कापडाखाली? खाली सांगा. पटलं असेल तर समितीतल्या पालकांपर्यंत पोहोचवा.